पामच्या मुळांचा श्वास आणि पीटची कूज: एका दाव्याला मुद्देसूद उत्तर

पामतेलाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. कधी मोबाइलवर, कधी एखाद्या चर्चेत. मला तो दोनदा माझ्याच क्षेत्रातल्या, माती शिकलेल्या माणसांनी पाठवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

दावा असा: इंडोनेशिया आणि मलेशियातल्या पीट नावाच्या दलदलीच्या जमिनीवर पाम लावल्याने हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड जातो, ही ओरड चुकीची आहे. तिथे मोजला जाणारा वायू मुख्यतः पामच्या मुळांचा श्वास असतो. पानांनी हवेतून घेतलेलंच मुळं परत सोडतात, म्हणजे आलं तेवढं गेलं. उलट मुळं जमिनीत नवा कार्बन भरतात. पाम जंगलापेक्षा जास्त वायू शोषतो. मुळांचं जाळं जमीन धरून ठेवतं, आणि ती खचते ती फक्त दबून. शिवाय दलदल कोरडी केली की मिथेन थांबतो, हा वर फायदाच.

यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, आणि तिच्या आधाराने बाकीच्या खपून जातात. मी मृदाशास्त्र शिकले आहे, मातीचा श्वास मोजलेला आहे. त्यामुळे ही अर्धी खरी गोष्ट कुठे संपते ते नीट सांगावंसं वाटतं.

विषय दूरच्या बेटांचा असला तरी आपल्याशी अगदीच असंबद्ध नाही. पामतेल आयात करणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखरेच्या जोडीला एक लिटर पामतेल होतं. बिस्किटं, फरसाण, वेफर्स यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ते असतंच. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आंध्र आणि तेलंगणातली पामची लागवड खनिज मातीवर, म्हणजे खडक झिजून बनलेल्या साध्या मातीवर आहे. तिथले पाण्याचे आणि भावाचे प्रश्न खरे असले तरी या लेखातलं काही तिला लागू होत नाही. इंडोनेशियातलीही बहुतांश लागवड खनिज मातीवरच आहे. मी बोलते आहे ते फक्त पीटवरच्या लागवडीबद्दल: सुमात्रा बेट, आणि बोर्निओ बेटावरचे कालिमंतान, सारावाक.

पीट म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळेच्या भूगोलात कोळशाचे चार प्रकार पाठ केलेले असतात: पीट, लिग्नाइट, बिटुमिनस, अँथ्रासाइट. त्यातला पहिला तो हा. (कुंड्यांत घालतो ते कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याचा याच्याशी नावापुरताच संबंध.) पाण्यात बुडालेला, अर्धवट कुजून थांबलेला पालापाचोळा, लाकूड आणि मुळं यांचा थर म्हणजे पीट. लोणच्याच्या बरणीत फोडींवर तेलाचा थर असेपर्यंत त्या वर्षभर टिकतात; तेल खाली गेलं की उघड्या पडलेल्या फोडींवर बुरशी धरते. पीटमध्ये तेलाचं काम पाणी करतं. बुडालेल्या थरात ऑक्सिजन पोचत नाही. ऑक्सिजन नसला की फिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम चालत नाही, त्यामुळे फिनॉलवर्गातली द्रव्यं साचत जातात, आणि ती कुजवणाऱ्या बाकीच्या एन्झाइमांनाही दाबून ठेवतात. वेल्समधल्या संशोधकांनी २००१ साली ही साखळी उलगडून दाखवली. थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो, म्हणजे पाच-सहा मीटर पीट हे काही हजार वर्षांचं काम. जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग पीटचा, पण त्यात सुमारे ६०० अब्ज टन कार्बन आहे. जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडझाडोऱ्यात मिळून आहे, त्याहून जास्त. आग्नेय आशियाचा त्यातला वाटा अंदाजे ६८ अब्ज टनांचा.

आता या जमिनीत पाम लावायचा तर मुळांना वाफसा हवा. हा शब्द आपल्या शेतकऱ्यांचा आहे आणि इथे तो नेमका बसतो: मुळांभोवती ओल आणि हवा दोन्ही असणं. त्यासाठी तिथे चर आणि कालवे खणून पाणी अर्धा ते पाऊण मीटर खाली नेलं जातं. आपल्या काळ्या रानात चर काढून वाफसा आणणं शहाणपणाचं आहे. पीटमध्ये तोच वाफसा हजारो वर्षं बुडून राहिलेल्या थरापर्यंत हवा पोचवतो.

“निघणारा वायू म्हणजे मुळांचा श्वास”

अर्धी खरी गोष्ट ती हीच. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजायची जुनी रीत सोपी आहे: जमिनीवर भांडं पालथं घालायचं आणि आत वायू किती वेगाने साचतो ते पाहायचं. कृषी महाविद्यालयात आम्ही हवाबंद बरणीत मातीशेजारी अल्कलीची वाटी ठेवून तो पकडत असू. बरणीतल्या मातीत जिवंत मुळं नसतात, त्यामुळे जे पकडलं जातं ते सूक्ष्मजीवांचंच. पण उभ्या पिकात भांडं पालथं घातलं की दोन वेगळे प्रवाह एकत्र येतात. एक जिवंत मुळांचा आणि त्यांच्या अंगाखांद्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा श्वास. त्यातला कार्बन काही दिवसांपूर्वीच पानांनी हवेतून घेतलेला असतो. दुसरा, सूक्ष्मजीव जुनं पीट कुजवतात त्यातून निघणारा. पहिल्याने हवेतल्या साठ्यात भर पडत नाही, दुसऱ्याने पडते. सुरुवातीच्या अनेक मोजण्यांत हे दोन वेगळे केले गेले नव्हते, हेही खरं. तेव्हा या आक्षेपाला एके काळी जागा होती.

आज ती उरलेली नाही, कारण दोन प्रवाह वेगळे करण्याच्या रीती आहेत आणि त्या वापरल्या गेल्या आहेत.

एक रीत चर मारण्याची. छोट्या तुकड्याभोवती खोल चर घेऊन बाहेरून येणारी मुळं तोडायची, काही महिने थांबायचं आणि मग आतला वायू मोजायचा. यात उणिवा आहेत. तोडलेली मुळं आत कुजून काही काळ वायू सोडत राहतात, आणि झाड पाणी ओढत नसल्याने तुकडा जास्त ओला राहतो. दुसरी रीत अंतराची, आणि पामला ती छान लागू पडते. पाम हा माडाचा भाऊबंद. सोटमूळ नाही, बुंध्यापासून तंतुमुळांचा झुबका पसरतो आणि दूर जाऊ तसा विरळ होतो. बुंध्याजवळ आणि दोन झाडांच्या मधोमध अशा ओळीने मोजण्या घेतल्या, की बुंध्याकडे आकडा चढतो आणि दूर एका पातळीवर स्थिरावतो. ती पातळी पीटची, वरची चढण मुळांची.

सुमात्राच्या जांबी प्रांतात सहा वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या पामच्या मळ्यात अशाच मोजण्या झाल्या, आणि २०१४ साली त्या प्रसिद्ध झाल्या. सहा वर्षांच्या मळ्यात हेक्टरी वर्षाला एकूण सुमारे ४५ टन कार्बन डायऑक्साइड निघत होता, त्यातला ८६ टक्के पीटचा. पंधरा वर्षांच्या मळ्यात एकूण सुमारे ४८ टन, त्यातला ७१ टक्के पीटचा. झाड वाढलं, मुळं वाढली, त्यांचा वाटा वाढला, हे अपेक्षितच. पण पीटचा आकडा दोन्हीकडे ३४ ते ३८ टनांच्या घरात राहिला. सुमात्रातच कागदासाठी लावलेल्या अकेशियाच्या मोठ्या अभ्यासात वाढलेल्या झाडांमध्ये मुळांचा वाटा सरासरी पाचव्या हिश्श्याचा निघाला, आणि तो वगळून पीटमधून हेक्टरी वर्षाला ८० टन वायू जात होता. “मुख्यतः मुळांचा श्वास” हे कुठल्या मोजणीतून आलं, ते दावा करणाऱ्यांनी दाखवावं.

तिसरा पुरावा वयाचा. रेडिओकार्बनने कार्बन किती जुना ते कळतं. मुळांच्या श्वासातला कार्बन ताजा असतो, पीटमधला शतकांचा, सहस्रकांचा. कालिमंतानमध्ये जंगलाखालच्या पीटमधून वाहणाऱ्या पाण्यात विरघळलेला कार्बन ताजा सापडला, आणि जिथे जंगल तोडून कालवे खणले होते तिथल्या पाण्यात तो शेकडो ते हजारो वर्षं जुना होता. हे निष्कर्ष २०१३ साली आले. एवढं वय कोणत्याही पामच्या मुळाला असू शकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्या अधिकृत आकड्यावर ही ‘ओरड’ उभी आहे, त्यातून मुळांचा श्वास आधीच वजा आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रीय मंडळाच्या, २०१३च्या पाणथळ जमिनींवरच्या पुरवणीत निचरा केलेल्या उष्ण कटिबंधीय पीटवरच्या पामसाठी वर्षाला हेक्टरी ११ टन कार्बन हा गुणक, म्हणजे हिशेबात धरायचा उत्सर्जनाचा दर, दिला आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये तो सुमारे ४० टन होतो. आपल्या मापात एकरी सोळा टन, म्हणजे दरवर्षी प्रत्येक एकरावर जवळपास सात हजार लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. जे आधीच वजा केलं आहे ते पुन्हा वजा करायला सांगणं म्हणजे हिशेबाची पाटी पुसणं.

“मुळं जमिनीत नवा कार्बन भरतात”

हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण दुसऱ्या परिस्थितीत ते अगदी खरं आहे. युरोपातलं पीट बरंचसं शेवाळाचं असतं. सुमात्रा-बोर्निओचं पीट मात्र दलदलीतल्या जंगलांच्या लाकडाचं आणि मुळांचंच बनलेलं आहे. ही झाडं आधारमुळं फेकतात. काहींची श्वसनमुळं खारफुटीसारखी वर डोकावतात. ठाण्याच्या खाडीकाठी चिखलातून उभी राहिलेली मुळांची बोटं पाहिली असतील, तर चित्र डोळ्यांसमोर येईल. अशी मुळं मेली की तिथेच, पाण्याखाली पडतात आणि टिकतात. मुळांनी हा ठेवा बांधला, यात शंका नाही.

पामची मुळं कुठे मरतात? चर खणून कोरड्या केलेल्या त्याच अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात, कारण हवा असते तिथेच त्यांना जगता येतं. म्हणजे ती जो कार्बन जमिनीत घालतात, तो जिथे कूज सर्वांत जोरात चालू आहे तिथेच पडतो. मूळ जमिनीत आहे एवढ्यावर कार्बन साठला असं होत नाही. पाण्याची पातळी मुळांच्या वर आहे की खाली, त्यावर सगळं ठरतं. या साऱ्या वादाचं उत्तर एका वाक्यात विचाराल तर माझ्याकडे ते एवढंच आहे.

मुळांचा आणखी एक परिणाम असतो, आणि दावा त्याबद्दल बोलतच नाही. जिवंत मुळं साखरा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं मातीत पाझरवत असतात. नैसर्गिक शेती करणारे जीवामृतात गूळ का घालतात? जिवाणूंना चटकन मिळणारं खाद्य मिळावं, ते वाढावेत आणि मातीतलं एरवी हाती न लागणारं अन्न त्यांनी मोकळं करावं. मुळांचा पाझर हेच करतो. ताज्या साखरेवर पोसलेले सूक्ष्मजीव जुन्या, चिवट कार्बनलाही हात घालतात. १९२६ साली पहिल्यांदा नोंदलेल्या या परिणामाला १९५३मध्ये ‘प्रायमिंग’ हे नाव मिळालं. पनामातल्या पीटच्या नमुन्यांत मुळांच्या पाझरासारखी द्रव्यं घातली, तेव्हा निघणाऱ्या वायूंचं प्रमाण त्या द्रव्यांच्या घडणीनुसार बदललं. इंग्लंडच्या पेनाइन डोंगरातल्या मूर हाउस या पीटरानात तापमान थोडं वाढवून केलेल्या प्रयोगात, जिथे मुळं असलेल्या वनस्पती होत्या तिथून जुन्या कार्बनचं उत्सर्जन वाढलं.

प्रायमिंग प्रत्येक पीटमध्ये सारखं दिसत नाही. काही प्रयोगांत ते अगदी कमी आहे, आणि माझी बाजू भक्कम दिसावी म्हणून मी ते फुगवून सांगणार नाही. पण मुळांचा पाझर फक्त कार्बन भरतो असं म्हणणाऱ्याला या सगळ्या प्रयोगांकडे पाठ फिरवावी लागते. शिवाय मळ्यात नत्राचं खत पडतं. खत आणि हवा दोन्ही मिळाल्यावर त्या थरातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायूही निघतो, आणि तो या हिशेबात धरलेलाच नाही.

“पाम जंगलापेक्षा जास्त वायू शोषतो”

पाम जोमाने वाढतो, प्रकाशसंश्लेषण जोरात करतो, हे मान्य. पण शोषलेला कार्बन कुठे जातो ते पाहा. मोठा भाग श्वसनात परत जातो. फळातला तेल बनून मळ्याबाहेर जातो. आपण फरसाण खाल्लं की आज ना उद्या तो आपल्याच श्वासातून हवेत. कापलेल्या झावळ्या ओळीत कुजतात. टिकतो तो फक्त बुंध्यात, आणि बुंधाही पंचवीस वर्षांनी पाडतात.

बेरीज-वजाबाकी करून टाकू. पूर्ण वाढलेल्या मळ्यात झाडांमध्ये हेक्टरी साधारण चाळीस-पन्नास टन कार्बन उभा असतो. लागवडीच्या आधी तिथे असलेल्या जंगलात याच्या कितीतरी पट होता, तो तूर्त बाजूला ठेवू. आयपीसीसीच्या गुणकाने पंचवीस वर्षांत पीटमधून जाणारा कार्बन हेक्टरी २७५ टन. झाडाने जमवलेल्याच्या साडेपाच ते सात पट जमिनीने गमावला. आणि पुढच्या पंचवीस वर्षांसाठी नवी रोपं लावली की झाडांचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. जमिनीचा होत नाही, तो मागच्या तोट्यावरून पुढे चालतो. एक हेक्टर क्षेत्रावर एक मीटर जाडीच्या पीटमध्ये पाचशे ते सहाशे टन कार्बन असतो, म्हणजे दोन लागवडींत जवळपास एक मीटर पीट संपतं.

उभ्या झाडांचं शोषण पीटच्या कुजण्याला पुरं पडत नाही, हे हवेत उंच मनोऱ्यावर यंत्रं लावून थेटही मोजलं गेलं आहे. मध्य कालिमंतानमध्ये २००४ ते २००८ या काळात तीन ठिकाणी अशी मोजणी झाली: निचरा न झालेलं दलदलीचं जंगल, निचरा झालेलं जंगल, आणि निचरा होऊन जळालेली जमीन. झाडांनी शोषलेलं वजा करूनही तिन्ही ठिकाणांहून कार्बन हवेत जात होता, हेक्टरी वर्षाला अनुक्रमे सुमारे १.७, ३.३ आणि ५ टन. पहिल्या आकड्याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, बघा, जंगलही सोडतंच. सोडतं, कारण तिथेही कोरड्या वर्षांत भूजल खाली जातं आणि धुराने सूर्यप्रकाश अडतो. पण मधला आकडा पाहा. झाडं तशीच उभी, मुळं तशीच, पानं तशीच. फक्त पाणी खाली गेलं, आणि गळती जवळपास दुप्पट झाली.

यातली जळालेली जागा एका मोठ्या सरकारी फसगतीचा अवशेष आहे. १९९६मध्ये इंडोनेशियाने मध्य कालिमंतानमधलं दहा लाख हेक्टर पीट भाताखाली आणायची योजना काढली आणि हजारो किलोमीटर कालवे खणले. भात नीट आलाच नाही, १९९९मध्ये योजना गुंडाळली, कालवे मात्र राहिले. १९९७च्या एल निनोत इंडोनेशियाचं पीट पेटलं तेव्हा, एका अंदाजाप्रमाणे, ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला.

“मुळं जमीन धरून ठेवतात, ती फक्त दबते”

पीटवरच्या जुन्या पामच्या मळ्यात गेलेला माणूस हे म्हणणार नाही. तिथे बुंधे तिरके झालेले असतात, काही आडवे पडून टोकाशी पुन्हा वर वळलेले, आणि मुळांचे झुबके उघडे पडलेले. मुळं होती तिथेच आहेत, त्यांच्याखालची जमीन गेली आहे.

दबणं आणि कुजून नाहीसं होणं यांत फरक करता येतो. जमीन नुसती दबली असेल तर ती तेवढीच घट्ट व्हायला हवी: उंची घटली, पण घनता वाढली, एकूण कार्बन तेवढाच. म्हणून खड्डे घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची घनता मोजतात आणि ती जमिनीच्या उतरलेल्या पातळीशी ताडून पाहतात. सुमात्रातल्या अकेशिया आणि पामच्या मळ्यांत केलेला असा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. निचऱ्यानंतर पहिल्या पाच वर्षांत जमीन १.४२ मीटर खचली, आणि पुढे दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर. पाणी निघून गेल्याने थर बसण्याचा वाटा मोठा होता तो फक्त पहिल्या वर्षी. दबण्याचा परिणाम पाच वर्षांत बराच कमी झाला. अठरा वर्षांचा हिशेब केला तर ९२ टक्के खचणं पीट कुजल्यामुळे होतं.

या पद्धतीत एकही वायू मोजलेला नाही. फक्त जमिनीची उंची आणि घनता. मुळांचा श्वास यात शिरूच शकत नाही, आणि तरीही पाच वर्षांनंतरचा निघालेला आकडा हेक्टरी वर्षाला सरासरी ७३ टन कार्बन डायऑक्साइडचा, अकेशियात वायू मोजून काढलेल्या ८० टनांच्याच पंगतीत बसणारा. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच गावात पोचावं, तसं हे झालं. पहिल्या मुद्द्याबद्दल अजून कुणाच्या मनात शंका असेल, तर ती इथे मिटावी.

जुनं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडच्या केंब्रिजशायरमधल्या होम फेन या पीटरानाचं घ्या. व्हिट्लसी तळं कोरडं केलं त्या सुमारास, १८५१च्या आसपास, तिथे पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब रोवला. त्याचं टोक जमिनीच्या बरोबरीला होतं. आज तो जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा आहे. भोवती बर्चचं दाट जंगल आहे, मुळांची तिथे काही कमी नाही.

“कोरडं केलं की मिथेन थांबतो”

पाण्याखालचं पीट मिथेन सोडतं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो, हे बरोबर. इथेही मुळांचा संबंध आहे: बोर्निओच्या दलदलीतल्या जंगलात निघणाऱ्या मिथेनचा बहुतांश भाग मुळांतून वर चढून झाडांच्या बुंध्यांतून बाहेर पडतो, असं २०१३मध्ये दिसून आलं. पण मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो आणि मग संपतो. पीटमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत राहतो. मिथेन धरूनही निचरा केलेलं पीट लवकरात लवकर पुन्हा ओलं करणं हवामानाच्या भल्याचं, हे २०२०च्या सविस्तर गणितातून पुढे आलं आहे. आणि कालव्यांच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन मळ्यातही निघतोच, तो थांबलेला नसतो.

पाण्याची पातळी किती महत्त्वाची, याचा आकडाही आहे. २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे निचरा केलेल्या पीटमध्ये पाणी दर दहा सेंटीमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. पाणी पृष्ठभागापासून तीस सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत हे प्रमाण टिकतं. म्हणजे पाम लगेच उपटता येत नसेल तिथेही कालव्यांत फळ्या टाकून पाणी थोडं चढवलं, तरी फरक पडतो. इंडोनेशियाच्या नियमांनी पीटमधलं पाणी चाळीस सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ न देण्याची मर्यादा घातली आहे ती याचसाठी. शाश्वत पामतेलाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राने, आरएसपीओने, नोव्हेंबर २०१८पासून कोणत्याही जाडीच्या पीटवर नवी लागवड बंद केली आहे. आपल्याकडे तेल आयात करणाऱ्या आणि ते वापरून खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांना ग्राहक म्हणून एवढं विचारता येतं: तुमचं तेल पीटवरचं आहे का?

मग तिथल्या लोकांनी खायचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. रियाउ प्रांतातल्या मेरांती बेटांवर पीटमध्येच सागो पाम पिकतो. आपला साबुदाणा मुळात याच झाडाच्या बुंध्यातल्या पिठाचा. उपासाला आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, ही नंतरची सोय. सागोला पामसारखा वाफसा लागत नाही, मुळाशी पाणी असलं तरी तो वाढतो. आयपीसीसीच्या त्याच तक्त्यात सागोचा गुणक हेक्टरी १.५ टन कार्बन आहे. मोजण्या कमी ठिकाणच्या आहेत, पण ११च्या शेजारी १.५. मेरांतीतल्या सुंगाई तोहोर गावाच्या आसपास मोठे कालवे खणल्यावर पीट वाळलं आणि २०१४च्या सुरुवातीला आग लागली. गावकऱ्यांनी कालव्यांवर बांध घालायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो तिथे येऊन स्वतः एका बांधाच्या कामाला लागले. सागोची मुळं ओली राहावीत म्हणून बांध घालावा लागतो, हे त्या गावाला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.